पुलाखालची साफसफाई

पुलाखाली सगळे ज्याला पेंटर म्हणत, त्याने तिथे राहूनच सफाईयंत्र चालवण्याचं प्रशिक्षण नेटाने पुरं केलं आणि त्याला पालिकेत कायमची नोकरी लागली. राहायला खोलीही मिळाली. देव पावला, असं तो ज्याला त्याला सांगत सुटला. पण पहिल्याच आठवड्यात मुकादमाने गाडी नेमकी त्या पुलाखाली थांबवली.

"सगळं उचला. काही ठेवायचं नाही."

तिथे अजून तात्या राहत होते. पेंटर तापाने फणफणला होता, तेव्हा याच म्हाताऱ्याने स्वतः कुडकुडत आपली गोधडी त्याच्या अंगावर घातली होती. पेंटरचे पाय जागीच खिळले.

"पाहुणा म्हणून आलायस का रे?" मुकादम खेकसला.

तात्यांनी गोधडीची घडी घातली आणि ती पेंटरच्या हातात दिली. "घे बाबा. माझ्यापायी तुझ्या पोटावर पाय यायला नको."

पेंटरने ती कचऱ्याच्या गाडीत टाकली.

काम सुटल्यावर तो नवं ब्लँकेट घेऊन धावत तिथे गेला. पुलाखाली जाळी ठोकून झाली होती आणि तात्या कुठे गेले, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो वेळेवर कामावर हजर झाला. मुकादमाने त्याला शाबासकी दिली.