गाठ चांगली आहे

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर तपासणी करणाऱ्या बाईंना सगळे गाठवाल्या ताई म्हणत. आता बावीस वर्षं माणसांच्या अंगातून काढलेल्या गाठी चिरून बघायच्या म्हटल्यावर दुसरं काय म्हणणार? त्यांची आनंदाची बातमी म्हणजे फार तर 'ही गाठ तेवढी वाईट नाही' इतकीच.

त्या दुपारी माळीकाका दारात उभे राहिले. हातात मुळासकट उपटलेला वेल, चेहरा पार उतरलेला.

"ताई, मुळांना गाठी धरल्यात. टोमॅटोला अशाच आल्या होत्या, अख्खा वाफा गेला. बागेत पसरायच्या आत आज सगळं जाळतो. एकदा बघता का?"

मागच्या अंगणात बांधकामाचा राडारोडा पडलेला. तिथे गवतसुद्धा उगवायला तयार नव्हतं. काकांनी टेकडीवरून बी आणून तिथे हा जांभळ्या फुलांचा रानटी शेंगवेल लावला आणि तीन वर्षं पोटच्या पोरासारखा जपला. त्याला काडी लावायला निघालेला हा माणूस दारात उभा होता, अगदी रुग्णांचे नातेवाईक उभे राहतात तसाच.

ताईंनी बोट लावलं, तर गाठ अलगद सुटून आली. रोगाने फुगलेलं मूळ असं सुटत नाही. त्यांनी पातं फिरवलं. आत ताजा गुलाबी रंग, रक्ताच्या जातीचा. कॉलेजात परीक्षेपुरतं पाठ केलेलं सगळं एकदम जिवंत होऊन समोर आलं. बाई गं, या एवढ्याशा गाठीत लाखो जिवाणू बसलेत आणि हवेतला नायट्रोजन धरून वेलाला भरवताहेत!

ताई तशाच पांढऱ्या कोटात अंगणात गेल्या आणि गुडघ्यांवर बसल्या. वर मधमाश्यांची झुंबड, पानांवर फुलपाखरांच्या अळ्या, शेंगांवर चिमण्या. खाली विटांच्या तुकड्यांमध्ये काळीभोर माती आणि तिच्यात गांडुळं. बावीस वर्षं ताई गाठींना घाबरत आल्या होत्या, आणि इथे गाठींनीच एवढं गोकुळ वसवलं होतं.

"ताई, खरं काय ते सांगा," काका मागून म्हणाले.

"काका, गाठ चांगली आहे. हिच्यामुळेच तर वेल जगलाय."

बाजूला सकाळीच उपटलेल्या वेलांचा ढीग होता. काकांनी खिशातली काडेपेटी काढून लांब फेकली.

"आणि हे मी मारले त्यांचं काय?"

"मातीत पुरा. मेल्यावरही ते जमिनीला खाऊ घालतील."

काकांनी डोळे पुसले आणि खड्डा खणायला घेतला. ताईही मातीत हात घालून बसल्या.