मागची रांग

कुलिपा-अपाने किटली वाकडी केली आणि वाटीत जेमतेम दोन घोट चहा ओतला.

“अपा, वाटी भरा की. अजून चार गाड्या बघायच्यात मला,” विमा कचेरीतला दोलोतबेक म्हणाला.

“भरली वाटी म्हणजे ऊठ आणि चालू लाग. असं पाहुण्याला उठवायची रीत नाही आमच्या घरी. आणि अक्षर नीट काढ. चार वर्षं शिकवलं तुला, पण कोंबडीचे पाय काही सुटले नाहीत!”

तो हसला. अंगणातल्या जुन्या व्हॅनची आसने त्याने दोनदा मोजली होती.

“चालक सोडून नऊ. आठाच्या वर एक जरी झालं, तरी आमच्या लेखी ती कार नाही, बस. हप्ता दुपटीच्या वर जातो.”

“बस? अरे, बसतं कोण तिच्यात? मी एकटी!”

“कोण बसतं ते कागद विचारत नाही, अपा. किती बसू शकतात ते विचारतो. आठ म्हणून खोटं लिहिलं आणि उद्या घाटात काही झालं, तर एक छदाम मिळणार नाही.” त्याने पेन खाली ठेवले. “मागची रांग काढली तर सहा उरतील. नोंदणी मी बदलून आणतो.”

घाटापलीकडे, कोचकोरला, तिची थोरली बहीण होती. मनातले बोलावे असे आता तेवढेच एक माणूस. बसचा हप्ता तिच्या निवृत्तिवेतनाला झेपणारा नव्हता, आणि विम्यावाचून गाडी हिवाळाभर शेडमध्येच राहिली असती. पण मागची रांग तिघा मुलांची होती. खिडकीशी कोणी बसायचे, यावरून तिथे रणे माजत.

“मुलं आली म्हणजे बसतील कुठे?”

“कधी येणार आहेत?”

तिने डोक्यावरचा रुमाल पुन्हा आवळून बांधला. बापाच्या मातीला ते मॉस्कोहून आले होते. विमानतळावरून टॅक्सीने आले आणि टॅक्सीनेच गेले.

“पाना शेडमध्ये आहे,” ती म्हणाली. “बोल्ट गंजलेत. जोर लाव.”

रांग सुटायला तासभर लागला.

“भावाच्या गॅरेजला नेऊ का, अपा? गिऱ्हाइकं बसतील.”

“घरात आण.”

दारासमोरच्या भिंतीशी, जिथे केवळ मानाचा पाहुणा बसतो, तिथे तिने ती ठेवून घेतली. वाकडी वाटली म्हणून पुन्हा सरळ करवली. मग दोलोतबेकची वाटी काठोकाठ भरली. तो समजला. उभ्यानेच चहा संपवून निघाला.

फाटक लागल्याचा आवाज आला. कुलिपा-अपाने कपाटातून तीन वाट्या काढल्या, पुसल्या आणि रांगेपुढे मांडल्या. स्वतः दाराकडच्या बाजूला, घरच्या बाईच्या जागेवर बसली. किटली उचलली आणि प्रत्येकीत दोन-दोन घोट ओतले, जास्त नाही.