लेखी धोरण

आमच्या कंपनीने जबाबदारीने खरेदी करायची ठरवली, आणि ती जबाबदारी पहिली कोसळली इंगेमारच्या डोक्यावर.

बोरोस शहरातल्या आमच्या कारखान्यात कामगारांच्या विजारी गुडघ्यावर फाटतात. नऊ वर्षं त्या दुरुस्तीला मार्टाच्या शिवणघरात जात होत्या. तिथं तेरा माणसं, त्यातली अकरा अपंग. त्यातल्या इंगेमारला वाचायला वेळ लागतो, पण त्याचा टाका उसवलेला मी कधी पाहिला नाही. खरेदी माझ्याकडे, त्यामुळे शिवणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी लावलेला प्रत्येक गठ्ठा माझ्या नजरेखालून जायचा.

यंदा वरून हुकूम आला. प्रत्येक पुरवठादाराने प्रश्नावली भरायची, शंभरपैकी साठ गुण पडले तरच काम. प्रश्न काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मीही हौसेने काढले. अपंगांना कामावर घेण्याचं तुमचं लेखी धोरण आहे का? या एका प्रश्नाला वीस गुण ठेवले आणि स्वतःवरच खूश झाले.

मार्टाने लिहिलं, नाही.

नव्हतंच ना! अकरा माणसं रोज समोर शिवत बसलेली, त्यांना कामावर घ्यायचं हे कागदावर कोण कशाला लिहील? गुण पडले चव्वेचाळीस. दुसऱ्या एका बड्या कंपनीला ब्याण्णव. तिच्याकडे चाळीस पानी गुळगुळीत धोरण होतं. अपंग माणूस मात्र एकही नव्हता, आणि ते मी विचारलंच नव्हतं. कपाळ माझं!

मी मार्टाला फोन केला. म्हटलं, आज दोन ओळी खरड आणि उत्तर बदल. ती म्हणाली, उत्तर दिलं त्या दिवशी कागद नव्हता, मग खोटं कसं लिहू? त्या सरळपणाचाही मला संताप आला.

बैठकीत मी सूट मागितली. आमचा जबाबदार खरेदीचा प्रमुख व्हिक्टर दालचिनीचा बनपाव तोडत मऊ आवाजात म्हणाला की एकाला सूट दिली तर बाकीच्यांवर अन्याय होईल. माझं टाळकंच सटकलं.

"शहाण्या, ज्यांच्यासाठी नियम केला त्यांनाच हाकलतोयस. कळतंय का तुला?"

आमच्याकडे ज्याचा आवाज चढला तो हरला. बैठकीतले सहाही जण मूग गिळून कॉफी ढवळत बसले. कोणी बोललं नाही, म्हणजे सगळ्यांना मान्य, असं धरून व्हिक्टरने पुढचा विषय घेतला. शिवणघराला द्यायच्या, काम थांबवल्याच्या पत्रावर सही माझी लागणार होती. कागद फाटेल इतकं पेन दाबलं मी. पण सही केली.

टपालाने पाठवायची लाज वाटली, म्हणून स्वतः गेले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. मार्टाने पत्र वाचून टेबलावर ठेवलं. इंगेमारने पत्र मागून घेतलं आणि बोट ठेवून मोठ्याने, एकेक शब्द वाचलं. बाकीची यंत्रं थांबली.

"सामाजिक जबाबदारीत कमी पडलो म्हणजे काय गं?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, काही प्रश्न होते, त्यात गुण कमी पडले.

"कोणी काढले?"

"मी."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने पत्र नीट घडी घालून माझ्या हातात दिलं.

"मग आधी यायचंस ना इथं," तो म्हणाला. "आम्ही सांगितलं असतं काय विचारायचं ते."