हिच्या दुकानाची ये-जा

ही गेली त्यानंतरही मी दुकान रोज उघडत होतो. दुकान म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. एक दार रस्त्याकडे, एक दार घरात. मधे शिलाई मशीन, कापायचं टेबल, भिंतीला आरसा, आणि आलेल्या माणसाला बसायला एक खुर्ची. ही तिथे बायकामुलांचे कपडे शिवायची. मी बस डेपोत सीटची कव्हरं शिवायचो. दोघंही शिवणारेच, पण तिनं मला कधी शिंपी म्हटलं नाही. "तुम्ही रेक्झिन शिवता. कापडाला हात लावायचा नाही," असं म्हणायची.

ती गेली तेव्हा लोकांचे कपडे दुकानात राहिले होते. काही पुरे, काही अर्धे. लोक न्यायला यायचे. पुरे होते ते मी देऊन टाकले. अर्धे होते ते परत द्यायला मन होईना, म्हणून मीच शिवून दिले. मग लोक दुसरं काही आणायला लागले. कुणाची पँट लांब, कुणाची चेन तुटलेली, कुणाचं बटण. मी करून द्यायचो. दुकान चालवायचं असं काही ठरवलं नव्हतं. बंद करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते कळत नव्हतं, एवढंच. सकाळी चहा झाला की कडी काढायची, हे हाताला माहीत होतं.

मुलीला ते आवडत नव्हतं. ती आणि जावई शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्यानं राहायचे. रविवारी यायची आणि दुकानात मला मशीनवर बघून तोंड पाडायची. "बाबा, लोक तुमची कीव करून कपडे आणतात," एकदा म्हणाली. मी म्हटलं, "कीव करणारा माणूस शिवण खराब झाली म्हणून भांडत नाही."

त्यांच्या घरमालकानं घर विकायला काढलं. त्याच सुमारास जावयांना ऑफिसनं दुसऱ्या गावी वरच्या पदाची जागा देऊ केली होती. तेव्हा मुलगीच म्हणाली की आपल्या घरावर मजला चढवू, आणि आम्ही इथेच येऊन राहू. स्वतंत्र जिना, स्वतंत्र स्वयंपाकघर. जावई लगेच हो म्हणाले. माणूस भला आहे, पण हिशेबी. "घर झालं तर राहू, नाहीतर बदली घेऊ. महिनाअखेर मला ऑफिसात सांगावं लागेल," एवढं त्यांनी स्पष्ट बोलून ठेवलं. मी वरवर म्हटलं, तुम्हाला सोयीचं असेल ते करा. आतून मला काय वाटत होतं, ते सांगायला नको. रिकाम्या घरात माणूस स्वतःशी बोलायला लागतो आणि मग स्वतःलाच ओरडतो.

नकाशा काढायला जावयांचा एक मित्र आला. त्याच्या हातात कायम मोजपट्टी असायची, त्याला सगळे पट्टीच म्हणायचे. त्यानं घर मोजलं, कागद पसरले आणि म्हणाला, "सगळं बसतंय. एकच अडचण आहे. वाहतूक शुल्क."

"ते काय असतं?" मी विचारलं.

"नवीन घर बांधलं की नवीन माणसं येतात. ती रस्त्यावर ये-जा करतात. तेवढा भार वाढतो. म्हणून पालिका प्रत्येक नव्या घरामागे पैसे घेते. त्यातून रस्ते रुंद करायचे, फूटपाथ, सिग्नल, बसगाड्या."

"पण माणसं नवीन कुठे? मुलगी इथेच जन्मली."

"काका, माणसं जुनी असली तरी घर नवीन आहे."

त्यानं आकडा सांगितला. जावयांनी चष्मा काढून पुसला. साधारण वरच्या छपराला लागतील तेवढे पैसे होते. म्हणजे शुल्क भरलं तर भिंती उभ्या राहणार आणि वर आकाश.

मग पट्टीनं दुकानाकडे मोजपट्टी दाखवली. "यातून वाट आहे. या जागेवर आधीच एक दुकान आहे. दुकानात लोक येतात, म्हणजे त्याचीही ये-जा धरलेली असते. दुकान कायमचं बंद केलं, तर तेवढी ये-जा नव्या घरातून वजा होते. शिंप्याच्या दुकानाची ये-जा जास्त धरतात. मला वाटतं, शुल्क शून्यावर येईल."

मुलीनं सुटकेचा निःश्वास टाकला. "मग प्रश्नच मिटला. दुकान बंदच आहे."

"बंद नाही," मी म्हटलं.

"बाबा."

"आज सकाळी दोन माणसं येऊन गेली."

"दार उघडं ठेवून बसलं म्हणजे दुकान होत नाही. आई होती तेव्हा ते दुकान होतं."

मी उठलो आणि दुकानात जाऊन बसलो. मागून जावयांचा हळू आवाज आला, "जाऊ दे. मी बदलीचं सांगून टाकतो." मुलगी कागदांची गुंडाळी करायला लागली. तिनं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः पालिकेत गेलो. म्हटलं, ऐकीव गोष्टीवर घर कशाला मोडायचं. खिडकीत एक बाई होत्या, माझ्या मुलीपेक्षा थोड्या मोठ्या. मी त्यांना म्हटलं, "ताई, माझ्याकडे गाडी नाही. जावयाकडे स्कूटर आहे, तीही अर्धा वेळ गॅरेजमध्ये. मग आम्ही रस्त्याचा भार कसा वाढवणार?"

"ऑफिसला कसे जातात ते?"

"बसनं."

"मग बसचा भार वाढवणार," त्या म्हणाल्या. "काका, बस काय फुकट येते?"

मी सगळं आयुष्य डेपोत काढलं होतं. सीट फाटली की महिना महिना रेक्झिन यायचं नाही, वरून उत्तर यायचं की पैसे नाहीत. कुणीतरी द्यायलाच हवेत, हे मला त्यांच्यापेक्षा कमी कळत नव्हतं.

"शिंप्याच्या दुकानाची वजावट किती?" मी विचारलं.

त्यांनी कॉम्प्युटरवर बघितलं. "एका घराच्या ये-जेपेक्षा जास्त आहे. तुमचं शुल्क पूर्ण जाईल."

"घरापेक्षा जास्त?"

"हो ना. घरातली माणसं सकाळी जातात, संध्याकाळी येतात. शिंप्याकडे माणूस माप द्यायला येतो, कपडा घालून बघायला येतो, न्यायला येतो. काही बायका नुसत्या गप्पा मारायला येतात, ते आम्ही धरत नाही." त्या हसल्या. "पण एक आहे. दुकान वर्षभर बंद असेल तर वजावट मिळत नाही. ती ये-जा संपली असं धरतात. तुमचं कधीपर्यंत चालू होतं?"

"आज उघडलं नाही. इथे आलो म्हणून. काल उघडं होतं."

"कोण चालवतं?"

"बायकोचं होतं. ती गेली. दीड वर्ष झालं."

त्यांचा हात थांबला. मग म्हणाल्या, "नाव कुणाचं ते आम्ही बघत नाही, जागेचा वापर बघतो. निरीक्षक येऊन बघतील."

मी परत चालत आलो. वाटेत दोन बस सोडल्या. घरापेक्षा जास्त, हे डोक्यातून जाईना. ही एकटी बाई, दिवसभर एका खोलीत बसलेली. बाजारालासुद्धा कंटाळायची. पण तिच्यामुळे आमच्या गल्लीत एका अख्ख्या घरापेक्षा जास्त माणसं येत-जात होती, आणि शहरानं ते कुठेतरी धरून ठेवलं होतं. मला इतकी वर्षं हे सुचलं नाही. मी घरी आलो की एवढंच म्हणायचो, आज पुन्हा खुर्चीत कोण बसलंय.

आणि त्या ये-जेवर एक घर मिळत होतं. हिला विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती, याचा मी विचार करत होतो, पण खरं तर विचारायची वेळच आली नसती. गळ्यात टेप टाकून ती तेव्हाच गच्चीवर खिडक्यांचे पडदे मोजायला गेली असती.

मी मुलीला फोन केला. "निरीक्षक येणार आहेत. तू पण ये."

ती आली ती काळजीतच. पट्टीनं तिला वर्षाची अट सांगितली होती. "बाबा, आता ते म्हणणार की दुकान दीड वर्ष बंद आहे. तुम्ही काय सांगणार?"

"आहे ते सांगणार."

"त्यांना खरं वाटलं पाहिजे ना."

निरीक्षक पन्नाशीचे, घामाघूम झालेले गृहस्थ होते. पाणी प्यायले, दुकानभर नजर फिरवली. मशीनवर हात फिरवून बोटाला धूळ लागते का ते बघितलं. "तुम्ही शिंपी?"

"नाही. बस डेपोत सीट कव्हर शिवायचो."

"मग हे दुकान?"

"बायकोचं. ती गेल्यावर मी बसतो."

"बसता म्हणजे?"

मुलगी दाराला टेकून खाली बघत होती. "साहेब, खरं सांगायचं तर बाबा आईच्या आठवणीत..." असं ती म्हणाली, आणि तेवढ्यात रस्त्याकडच्या दारातून मास्तरीणबाई आत आल्या. मागच्या गल्लीत राहतात, शाळेत शिकवतात. हातात पँट होती. निरीक्षकांकडे त्यांनी बघितलंही नाही.

"भाऊ, हे काय शिवलंय तुम्ही?"

"का? उसवली?"

"उसवेल कशी? नवऱ्यानं दोन वेळा प्रयत्न केला, कात्री मोडली. खाली दुमडलेलं कापड सोडवायचं होतं मला, मुलगा वाढलाय. या पँटवर काय अख्खं गाव बसणार आहे का?"

"पक्की हवी म्हणाला होतात."

"पक्की म्हणजे पँट पक्की. वहिनींनी शिवलेलं मी हातानं सोडवायची. हळूच एक धागा ओढला की झालं."

"तिचा हात वेगळा होता."

"ते माहीत आहे मला. म्हणून काय दर वेळी सीट शिवून देणार?" मग त्यांनी पिशवीतून एक फ्रॉक काढला. "आणि याची चेन लावून द्या. धाग्यानं, तारेनं नाही."

निरीक्षकांनी विचारलं, "बाई, तुम्ही इथे नेहमी कपडे देता?"

"जवळ दुसरं कोण आहे? भांडत भांडत देते. तुम्ही पण काही द्यायला आलात का? नवीन असेल तर देऊ नका."

निरीक्षक हसले आणि लिहायला लागले. "चालू आहे," ते म्हणाले. "सलग चालू आहे. वजावट मिळायला हरकत नाही."

मुलीनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. लहानपणी चूक झाली की बघायची, तसं.

मग निरीक्षकांनी पेन थांबवलं. "आता बंद कधी करणार, ते सांगा. कायमचं. रस्त्याकडचं दार भिंत घालून बुजवावं लागेल. नंतर इथे कामासाठी माणसं येता कामा नयेत, नाहीतर शुल्क परत लागू होतं."

"बंद?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "कशाला बंद?"

मला त्यांना उत्तर द्यायचं होतं. ही गेली तेव्हा मी कुणाला सांगितलं नव्हतं, सगळ्यांना आपोआप कळलं होतं. ओळखीच्या माणसापुढे मला एकदाही ते वाक्य तोंडानं बोलावं लागलं नव्हतं. मुलगी म्हणाली, "बाबा, मी सांगते."

"नको," मी म्हटलं. मग बाईंना म्हणालो, "दुकान हिचं होतं. ती गेली. आता ते संपवायला पाहिजे. मुलगी वर राहायला येणार आहे."

बाई खुर्चीत बसल्या. पँट मांडीवर ठेवली. निरीक्षक बिचारे उभेच होते, कारण खुर्ची एकच.

"साहेब, हातातली कामं झाली की बंद," मी म्हटलं. "या महिन्यात."

"फ्रॉक धरून?" बाईंनी विचारलं.

"फ्रॉक धरून. आणि पँट सोडवून देतो."

जावयांनी बदली नाकारली. कामं संपायला मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त दिवस लागले, कारण बंद होणार म्हटल्यावर लोकांना घरातले सगळे फाटके कपडे आठवले. मुलगी संध्याकाळी येऊन बटणं लावायची. तिला शिवता येत नाही, पण एकदाही कीव हा शब्द तिच्या तोंडून आला नाही. एकदा खुर्चीत बसून तिनं विचारलं, "आई इथे दिवसभर काय बोलायची हो या बायकांशी?" मी म्हटलं, "मी डेपोत असायचो. बाईंना विचार." ती खरंच विचारायला गेली, आणि जेवायच्या वेळेपर्यंत आली नाही.

गवंडी सकाळी आला. त्यानं दाराची चौकट काढली आणि खालून विटा लावायला सुरुवात केली. मी आत उभा राहून बघत होतो. आधी रस्त्यावरच्या लोकांची पावलं दिसेनाशी झाली, मग गुडघे, मग हातातल्या पिशव्या. नुसती डोकी जाताना दिसत होती. त्यातलं एखादं डोकं थांबायचं, आत बघायचं, मला हात करायचं आणि पुढे जायचं. मीही हात करत होतो.

"बाबा," मुलीनं आतल्या दारातून हाक मारली, "वरच्या खिडक्या कुठे ठेवायच्या ते पट्टी विचारतोय. या ना."

गवंड्याच्या हातात वीट होती. तो म्हणाला, "काका, थोडं सरका. माल सुकतोय."

मी बाजूला झालो आणि वर गेलो.