बॉयलरचा चंदेरी

पेंटर चांदपाशाने गोणपाट अंथरलं आणि पाठीवर सरकत तो लँडमास्टरच्या पोटाखाली गेला. साठीत मोटरीखाली शिरायचं म्हणजे गुडघे कुरकुर करतात, पण एकदा आत गेलं की बरं वाटतं. तिथं कुणी बोलत नाही.

बोलणारे ईश्वरप्पा बाहेर किल्ल्यांचा जुडगा वाजवत उभे होते. तेलगिरणीचा हा जुडगा पूर्वी त्यांच्या वडिलांच्या, नागप्पांच्या कमरेला असायचा.

"चाचा, रंगाचे दोन डबे ठेवलेत. एक हैदराबादचा काळा, लई उष्णता सोसतो म्हणं. दुसरा आपल्या बॉयलरचा चंदेरी. कोणता लावायचा ते तुमीच ठरवा. पण अप्पा म्हणायचे, चंदेरी टिकत न्हाई."

चांदपाशाने खालून सायलेन्सरवर हात फिरवला.

"आन ते उदगीरच्या पेंटरचं नाव सांगून ठेवा. साखर कारखान्याचं धुराडं परत रंगवायचं हाय."

"सांगतो," मोटरीखालून आवाज आला.

लातूर जिल्हा झाला होता आणि त्याच्या मिरवणुकीत नागप्पांची जुनी मोटर हवी, असं गावाने ठरवलं होतं. वरून फुलांच्या माळा आणि खाली टोकाशी गंजलेला सायलेन्सर लोंबतोय, हे ईश्वरप्पांना चालणार नव्हतं.

या सायलेन्सरशी चांदपाशाची जुनी ओळख होती. बहात्तरच्या दुष्काळात प्यायला पाणी नव्हतं, तिथं दुकानाच्या पाट्या कोण रंगवून घेणार? त्याची बायको खातूनबी खडी फोडायला जाऊ लागली होती. तोही निघणार, तेवढ्यात नागप्पांचं बोलावणं आलं. "चांदपाशा, सायलेन्सरचा रंग उडालाय. लावून दे." गिरणी बंद होती, बॉयलरचा चंदेरी तसाच पडून होता. त्याने तो लावला आणि संध्याकाळी पायलीभर ज्वारी घेऊन घरी गेला. वीस दिवसांनी परत निरोप. "टिकला न्हाई रे तुझा रंग. काळा लावून बघ." काळाही उडाला. मग पुन्हा चंदेरी. तो अख्खा उन्हाळा असाच गेला. प्रत्येक वेळी तो मान खाली घालून यायचा, टोकाशी उडालेला रंग बघायचा, काचकागद मारून वरून रंगाचा हात फिरवायचा आणि ज्वारी घेऊन जायचा.

पाऊस पडला आणि निरोप थांबले. मनातली सल मात्र गेली नाही. तापल्या लोखंडाचं काम त्याने त्यानंतर कधी घेतलं नाही. कारखान्याच्या धुराड्याचं काम चालून आलं तेव्हा त्याने उदगीरच्या माणसाकडे बोट दाखवलं. "माझ्या हाताचा रंग आगीपुढं टिकत न्हाई," असं तो स्वतःच हसत सांगायचा. हसायला फार जड जायचं.

त्याने पत्र्याची पट्टी घेतली आणि इंजिनाजवळच्या नळीपासून खरवडायला सुरुवात केली. चंदेरी निघाला, त्याखाली काळा, त्याखाली परत चंदेरी. कांद्याचे पापुद्रे असावेत तसे सात थर, आणि सगळे घट्ट. जोर लावल्याशिवाय एकही सुटेना. रंग जळायचा तर इथंच आधी जळायला हवा होता. आग इथं असते.

तो सरकत मागे, टोकाकडे गेला. तिथं नळी फारशी तापत नाही. तिथल्या प्रत्येक थरावर ओरखडे होते. सरळ, जोडीजोडीने, किल्लीच्या दात्यांएवढ्या अंतरावर. मोटरीमागे बसलेल्या माणसाचा हात पोचेल, तेवढ्याच जागेत.

पट्टी छातीवर ठेवून तो पडून राहिला. त्या उन्हाळ्यात दुपारी नागप्पा मोटरीमागे खोक्यावर बसलेले असायचे आणि किल्ल्या वाजत असायच्या. तो लांबूनच परत फिरायचा. त्याला वाटायचं, अप्पा जप करतायत.

त्याला राग आला. दहा वर्षं आपण आपल्याच हाताला नावं ठेवली. अप्पांनी पोट भरलं आणि हातावरचा भरवसा काढून घेतला. मग त्याला खातूनबीची बोटं आठवली. खडी फोडून वाकलेली ती बोटं पुन्हा सरळ झाली नव्हती. त्याने स्वतःची बोटं डोळ्यांपुढे धरली. ती सरळ होती. अजून ब्रश धरत होती. त्याचे डोळे भरून आले, आणि मोटरीखाली ते बघायला कुणी नव्हतं.

मग त्याने सातही थर उतरवले. गंजावर नवा रंग धरत नाही, नागडं लोखंडच लागतं, त्याला इलाज नाही. पेट्रोलच्या फडक्याने नळी पुसून तो बाहेर आला आणि त्याने चंदेरीचा डबा उघडला.

"हैदराबादचा न्हाई?" ईश्वरप्पांनी विचारलं.

"हाच टिकतो."

"पण अप्पा तर—"

"अप्पांना रंगातलं कळत न्हवतं." चांदपाशा डबा ढवळत राहिला. "बाकीचं लई कळत होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन सुरू केलं. नळी हळूहळू तापू दिली. आधी धूर निघाला, मग वास आला आणि रंग बसला. ईश्वरप्पा कौतुकाने मोटरीमागच्या खोक्यावर टेकले. जुडगा बोटात फिरत होता.

"चाचा, त्या उदगीरवाल्याचं नाव?"

"त्याला नका बोलावू. धुराडं मी रंगवतो."

 ईश्वरप्पा हसून म्हणाले, "आन हा उडाला तर?"

"उडत न्हाई." चांदपाशाने ब्रश फडक्यात गुंडाळला. "तेवढ्या किल्ल्या जरा लांब धरा."