कानसेनांची डबी

कॉम्प्युटरमागे धुळीचा बोळा.

साबणाच्या वडीएवढी काळी डबी, तिच्यावर निळा दिवा.

"बाबा, जेवायला येताय की ताट तिकडेच आणू?"

प्रकरण सातवं, ऑफिसातून परत. शेरा: मागे बारीक शिट्टी ऐकू येते. पुन्हा करा.

तो बोलक्या पुस्तकांचे आवाज साफ करायचा. वाचणाऱ्याचा श्वास, खुर्चीची करकर, लांबचा हॉर्न, सगळं वेचून काढायचा. ऑफिसात त्याला कानसेन म्हणत. ही शिट्टी मात्र सापडेना. दोष कॉम्प्युटरच्या आतल्या साउंड कार्डाचा, हे त्याने ठरवून टाकलं आणि बाहेरून जोडायची ही डबी आणली. वायर जोडली. टेबलामागे हात घालून, चाचपडत हेडफोनची पिन खोचली.

"वा! आता कसा मोकळा झाला आवाज!"

"तीच वाचणारी बाई, तेच प्रकरण," बायको म्हणाली, "आणि मान कशी डोलतेय बघा."

"तुला नाही कळायचं ते."

मुलगी टेबलाखाली वाकली. "बाबा, पिन अजून कॉम्प्युटरच्या जुन्याच भोकात आहे."

बायको हसत सुटली. तो हसला नाही.

मुलीने पिन डबीत घातली, सेटिंग बदललं, हेडफोन कानाला लावला. लगेच काढला.

"आई गं! केवढी शिट्टी!"

"कुठे?"

"अहो बाबा, सगळीकडे."

त्याने ऐकलं. श्वास होता, ओठांची चिकट चुटचुट होती. बटण फिरवलं. हेडफोनचा डावा कान उजवीकडे केला. उठला, बसला, पंखा बंद केला. पुन्हा उठला.

मग वाचणारी बाई थांबते तेवढाच रिकामा तुकडा फिरता ठेवला आणि हेडफोन मुलीला देऊन स्वतः टेबलाखाली शिरला. पिन उपसली.

"आता?"

"काहीच नाही."

खोचली. "आता?"

"आली."

बोलायचं बंद करून तो नुसताच पिन काढत-घालत राहिला. वरून मुलगी सांगत राहिली. गेली. आली. गेली. एकदाही चुकली नाही.

"अहो, बाहेर या, डोकं आपटेल," बायको म्हणाली. आता ती हसत नव्हती.

तो बाहेर आला. गुडघे झटकले. मुलीला आपल्या खुर्चीत बसवलं.

"शिट्टी आली की हात वर कर."

तिने लगेच केला. खाली घेईना.

हेच प्रकरण तो पहिल्यांदा स्पीकरवर तपासत होता, तेव्हा बाहेर कोण शिट्टी वाजवतंय म्हणून बायकोने खिडकी लावून घेतली होती.