उंच आबांचं नाव

शुक्रवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी नारिन शहरातल्या महिला आधारकेंद्राचा फोन वाजला. न्यायाधीशांनी झूराचा जबाब परत पाठवला होता. पाऊण तासाच्या त्या चित्रीकरणात आरोपीचे नाव एकदाही आले नव्हते. दुपारी दोन वाजता जबाब पुन्हा होणार होता, आणि या वेळी आरोपी व त्याचा वकील समोर बसणार होते.

केंद्र चालवणाऱ्या सल्तनतने फोन ठेवला आणि ती स्वयंपाकघरात आली. झूरा बोर्सोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळत होती. तीन आठवड्यांपूर्वी सासर सोडून ती इथे आली, तेव्हापासून रोज सकाळी काहीतरी तळण्याचे काम तिने स्वतःकडे घेतले होते.

"तू नाव घेतलं नाहीस," सल्तनत म्हणाली.

"सगळं तर सांगितलं, ताई."

"सगळं सांगितलंस. नाव सोडून."

झूराने झारा कढईच्या काठावर ठेवला. तिने खरोखरच सगळे सांगितले होते. दोन उन्हाळ्यांपूर्वी वरच्या कुरणावर, नवरा मॉस्कोत असताना, नवऱ्याच्या काकांच्या युर्तेत, लोकरी तंबूत, काय झाले ते. बाकीचे लोक घोड्या वळवायला गेले होते ते. नंतर आणखी दोनदा तेच घडले ते. फक्त त्या माणसाला ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत "उंच आबा" म्हणत राहिली होती.

दुसरे काही म्हणणे तिला माहीतच नव्हते. लग्नाच्या पहिल्या संध्याकाळी, डोक्यावर पांढरा रुमाल बांधून झाल्यावर, सासूबाईंनी घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषांची नावे एकदा सांगितली होती, ती पुन्हा कधी तोंडातून येऊ नयेत म्हणून. मग प्रत्येकासाठी तिने आपले आपण नाव शोधले. काका उंच होते, म्हणून उंच आबा. त्यांच्या नावात जुमा, म्हणजे शुक्रवार, होता, म्हणून गेली दहा वर्षे ती शुक्रवारला शुक्रवारसुद्धा म्हणत नव्हती. नमाजाचा दिवस म्हणायची.

आणि जबाबाच्या खोलीत हे कोणाच्या लक्षातच आले नाही. तपास अधिकारी मेदेर याची बायको त्याच्या काकांना "घोडेवाले आबा" म्हणते. सल्तनत स्वतः बावीस वर्षे कोणाची तरी सून आहे. दोघांच्या कानाला काही खटकले नाही. खटकले ते राजधानी बिश्केकहून आलेल्या आबांच्या वकिलाला. त्याने लेखी हरकत घेतली: या घराण्यात उंच पुरुष चार आहेत, माझे अशील त्यांपैकी नेमके कोणते?

"तक्रारीत नाव आहे ना?" झूराने विचारले.

"आहे. ते मेदेरने लिहिलंय. न्यायालयाला तुझ्या तोंडून हवंय."

"मी लिहून दिलं तर?"

"झूरा."

"मग सोमवारी ठेवा. आज नको."

पण सोमवारपर्यंत थांबता येणार नव्हते, आणि हे झूरालाच सगळ्यांत जास्त ठाऊक होते. उद्या शनिवारी तिच्या सासरची माणसे उन्हाळ्यासाठी वरच्या कुरणाला निघणार होती. या वर्षी घोड्या दोहायला तिच्याऐवजी धाकटी जाऊ बेगायिम जाणार होती. बेगायिम वीस वर्षांची. फेब्रुवारीत लग्न झाले, एप्रिलमध्ये नवरा थोरल्या भावापाठोपाठ मॉस्कोला गेला. वर तिला उंच आबांच्याच युर्तेत झोपायचे होते. आजचा जबाब ग्राह्य धरला गेला, तर आबांना शहर सोडायला मनाई करा असा अर्ज मेदेर आजच देऊ शकत होता.

झूराने बेगायिमला फोन लावला. पलीकडे भांड्यांचा आवाज होता.

"ताई! कधी येतेस गं? इथं सगळं माझ्यावर पडलंय. काल एका घोडीनं तर मला अशी लाथ घातली, की सासूबाईसुद्धा हसल्या. त्या हसतात हे मला पहिल्यांदाच कळलं."

"बेगायिम, वर जाऊ नकोस."

"हे तू परवाही म्हणालीस. का, ते सांग ना."

झूराने तोंड उघडले. समोर सल्तनत उभी होती, कढईतले तेल तडतडत होते, आणि सांगायचे ते नेमके एका वाक्याचे होते. त्या वाक्याचा कर्ताच तिला उच्चारता येत नव्हता.

"थंडी असते तिथं," ती म्हणाली.

"ताई, मी अतबाशीची आहे, बर्फातच वाढलेय. मला थंडीची भीती घालतेस?" बेगायिम हसली आणि मग एकदम आवाज खाली आणून म्हणाली, "सासूबाई आल्या. ठेवते."

सल्तनतने गॅस बंद केला. "बस इथं," ती म्हणाली. "माझ्याकडे बघ. माझे सासरे. बावीस वर्षं मी त्यांना काय म्हणते?"

"दाढीवाले बाबा."

"त्यांचं नाव ओमूरकुल." सल्तनतने एकदा छताकडे पाहिले. मग जरा मोठ्याने म्हणाली, "ओमूरकुल! घे. घेतलं. पडलं का छत?"

तिचे कान मात्र लाल झाले होते. ते पाहून झूराला हसू आले आणि त्याच हसण्यात रडूही. सल्तनत तिची वाट पाहत थांबली. झूराने ओठ ओले केले. "जु," ती म्हणाली. पुढचे आलेच नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला आणि तिला उचकी लागली.

"राहू दे," सल्तनत म्हणाली. "दुपारी येईल."

"नाही आलं तर?"

सल्तनतने कढई खाली उतरवली. तिला खोटे दिलासे देता येत नसत.

बाराच्या सुमाराला झूराच्या नवऱ्याचा, अल्माजचा, मॉस्कोहून आवाजी निरोप आला. पाठीमागे कसले तरी यंत्र चालू होते. "झूरा, मी तुला अडवत नाहीये. जे झालं ते झालं, तू सांग. वाईट झालं म्हण, घरात झालं म्हण. पण आबांचं नाव नको. आई म्हणते, नाव घेतलंस तर तू या घरची सून राहिली नाहीस. मी मध्ये अडकलोय गं. एवढंच ऐक माझं."

तिने तो निरोप दोनदा ऐकला. दुसऱ्यांदा ऐकताना तिच्या लक्षात आले, की "माझा विश्वास बसत नाही" असे तो कुठेही म्हणाला नव्हता.

दोनला पाच मिनिटे असताना मेदेरने ठाण्यातल्या जबाबाच्या खोलीचे दार उघडले. खोली लहान होती. एक टेबल, तिपाईवर कॅमेरा, खिडकीत वाळलेले रोप. मेदेरने पाण्याचा ग्लास झूराच्या बाजूला सरकवला आणि हळूच म्हणाला, "चूक माझीच. त्या दिवशीच विचारायला हवं होतं. आज मी नाव सुचवू शकत नाही. सुचवलं तर हेही परत येईल."

मग आबा आले.

झूराचे गुडघे आपोआप सरळ झाले. ती उठली, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून खाली वाकली. दहा वर्षे रोज सकाळी ज्याला वाकून नमस्कार केला, तो माणूस दारात उभा होता, आणि हे आपण आत्ता काय केले ते वाकून झाल्यावरच तिला कळले.

"सुखी राहा, बाळ," आबा म्हणाले.

वकिलाने चष्म्यावरून कॅमेऱ्याकडे पाहिले. "हे नोंदीत घ्या," तो म्हणाला. "आजही किती आदर आहे ते."

"ती सवय आहे," भिंतीपाशी बसलेली सल्तनत म्हणाली.

"बाई, आपण इथे फक्त बसायला आहात."

मेदेरने प्रश्न सुरू केले. तारीख, जागा, तेव्हा कोण कुठे होते. झूराने उत्तरे दिली. तिचा आवाज बारीक होता, पण तुटत नव्हता. आबा टोपी मांडीवर ठेवून ऐकत होते, जणू शेजारच्या गावची कुठली भानगड कोणी सांगत आहे.

"ज्या व्यक्तीने हे केलं तिचं नाव सांगा," मेदेर म्हणाला.

झूराने पाण्याचा ग्लास उचलला. तिने तो न पिताच खाली ठेवला.

"प्रश्न समजला का?" मेदेरने विचारले.

"समजला."

"मग?"

"उंच..." ती म्हणाली आणि थांबली.

वकिलाने पेनचे टोपण लावले. त्या बारीकशा आवाजानेही ती दचकली.

"माझ्या पुतण्याची बायको आहे," आबा मेदेरला म्हणाले. आवाज मऊ होता, घरच्यासारखा. "पोरगी वाईट नाही. पोटी मूल नाही, नवरा लांब, डोकं फिरतं एखाद्या वेळी. घे ना बाळ माझं नाव. कोणी अडवलंय तुला?"

मेदेरने कॅमेरा चालू आहे ना ते पाहिले.

"नाही घेणार ती," आबा म्हणाले. "संस्कारांची आहे. चला साहेब, आटपा. उद्या पहाटे निघायचंय आम्हाला. धाकटी एकटीच सामान बांधतेय घरी." ते थोडेसे हसले. "ती तर हिच्याहून गुणी. तोंडातून शब्द काढत नाही."

झूराने मान वर केली. बेगायिम तोंडातून शब्द काढत नाही? सकाळीच तर घोडीची लाथ, सासूबाईंचे हसणे, थंडी असे तोंडाला येईल ते बोलत होती ती. शब्द काढत नाही हे या माणसाला कधी आणि कसे कळले?

"जुमाबेक," झूरा म्हणाली.

आबांच्या मांडीवरची टोपी घसरली. ती उचलायला कोणी वाकले नाही.

"नीट ऐकू आलं नाही," वकील म्हणाला.

"जुमाबेक. जुमाबेक इसाकोव. माझ्या नवऱ्याचे काका. हे, समोर बसलेत ते."

"पुन्हा एकदा, तारखेसकट," वकील म्हणाला. तो आता घाईघाईने लिहीत होता.

तिने पुन्हा सांगितले. चौथ्यांदा नाव घेताना ते इतर कुठल्याही नावासारखे वाटायला लागले आणि त्याचीच तिला भीती वाटली. आबांनी तिच्याकडे पाहिले. ती सून होऊन आल्यापासून त्यांनी सरळ तिच्या डोळ्यांत पाहण्याची ही पहिलीच वेळ होती. मग ते उठले आणि मेदेरला म्हणाले, "मला लघवीला जायचंय."

साडेतीनला मेदेर अर्ज घेऊन न्यायालयात गेला. न्यायाधीश मुलीच्या सासरी समारंभाला गेले होते. सोमवारी सकाळी येणार होते. तोपर्यंत मनाई लागू होत नव्हती. जुमाबेक इसाकोव जबाबावर सही करून पावणेपाचला ठाण्यातून बाहेर पडले. दारात दुसऱ्या एका पुतण्याची गाडी उभी होती.

"म्हणजे काय उपयोग झाला?" झूराने विचारले.

"जबाब परत येणार नाही," मेदेर म्हणाला. "एवढं झालंय."

त्या संध्याकाळी बेगायिमने फोन उचलला नाही. झूराने रात्री तिला लिहिले. सकाळी जे वाक्य फोनवर जमले नव्हते, ते या वेळी कर्त्यासकट लिहिले, आणि खाली: "तुझ्या बाबतीत असं काही झालं असेल किंवा नसेल, तरी मला सांग. तुझं कोणी ऐकणार नाही असं समजू नकोस. मी ऐकेन."

निरोप वाचल्याची खूण साडेदहाला दिसली. उत्तर आले नाही.

शनिवारी पहाटे सासरच्या शेजारणीने कळवले की ट्रक निघाला. युर्तेच्या काठ्या, शेगडी, घोड्यांची खोगिरे, पुढे तिघे बसलेले. मागे सामानावर कोणी होते का, ते तिला अंधारात दिसले नाही.

सात वाजून वीस मिनिटांनी झूराच्या फोनवर बेगायिमकडून एकच शब्द आला. "जुमाबेक." पुढे आबा नाही, काका नाही, काहीच नाही. झूराने तो सल्तनतला दाखवला. सल्तनतने वाचून फोन परत दिला आणि भिंतीवरच्या खिळ्यावरची गाडीची किल्ली घेतली. घरातली सून तो शब्द उगाच लिहीत नाही, रात्री विचारलेल्याचे हेच उत्तर आहे, हे त्या दोघींना एकमेकींना सांगावे लागले नाही. जिने उतरता उतरता सल्तनतने मेदेरला फोन करून उठवले.

बेगायिमचा फोन आधी वाजत होता. आठनंतर तो बंद लागू लागला. कुरणाकडे जाणाऱ्या घाटाच्या अलीकडच्या शेवटच्या गावात दुकानदार म्हणाला, की पहाटे एक ट्रक चहाला थांबला होता. त्यात बाईमाणूस होते का, हे त्याला आठवत नव्हते. तिथून पुढे फोनला रेंज नाही. दहा वाजता सल्तनतची गाडी घाट चढायला लागली, तेव्हा झूरा पुढच्या आसनावर होती आणि तिने फोन हातात उघडाच ठेवला होता.